येतो म्हणजे कुठे

मला आयुष्यात ‘मुलुंड पश्चिम’ अशी हाक मारणारा एकच माणूस भेटला. त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी मी ते आडनावासकट सांगायला घेतलं होतं, पण त्यांनी मध्येच हात वर केला.

“नाव नको. रवतंस खय?”

“मुलुंडला.”

“पूर्व की पश्चिम?”

“पश्चिम.”

“झाला मगे,” ते म्हणाले, आणि माझं बारसं झालं.

माझ्याआधी कुणी मुलुंड पूर्व येऊन गेला होता, म्हणून मला पश्चिमेचं शेपूट लागलं. बाकीचे नुसते अंधेरी, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर. देवनारहून एक मुलगी यायची. देवनारला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून ते तिला गोवंडी म्हणायचे आणि ती दर रविवारी त्यांच्याशी भांडायची. पुढे मी लग्न करून ठाण्याला राहायला गेले, तरी माझी बदली झाली नाही. “मुलुंड पश्चिम आता ठाण्याक रवता,” असं ते लोकांना सांगत आणि ऐकणारा मनातल्या मनात नकाशा उलगडत बसे.

ते आम्हाला समुद्राच्या पोटात जायला शिकवायचे. पाठीवर हवेचं सिलेंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, पायांत फिन, कमरेला शिशाचा पट्टा, सगळं रीतसर. फरक इतकाच, की यासाठी लोक अंदमानला जातात, गेला बाजार मालवणला जातात; आमचे सर आम्हाला मुंबईतल्याच मढला न्यायचे. मढच्या पलीकडे खडकांच्या आडबाजूला एक जागा त्यांनी शोधून ठेवली होती. तिथे किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं, बोटीबिटीचा थाट नाही. पाणी चहाच्या रंगाचं. खाली गेल्यावर हात पुढे केला तर कोपरापर्यंत आपला, त्यापुढचा देवाचा.

“पण सर, इथे बघायचं काय?” अंधेरीनं एकदा विचारलं.

“बघायला टीव्ही आहे ना तुझ्या घरी,” ते म्हणाले. “इथे उतरायला शिकायचं. इथे उतरलास तर जगात कुठेही उतरशील.”

त्यांचं स्वतःचं आयुष्य असल्याच पाण्यात गेलं होतं. एका खासगी कंपनीत ते पाणबुडे होते. बंदरात उभ्या जहाजांचे तळ खरवडायचे, धक्क्याचे खांब हातानं चाचपून कुठे तडा गेलाय ते वर येऊन सांगायचं. डाव्या तर्जनीचं वरचं पेर एका जहाजाच्या पंख्यानं नेलं होतं. कुणी फार निरखून पाहिलं की ते बोट पुढे करून म्हणत, “दक्षिणा दिली.” निवृत्त झाल्यावर कंपनीच्या मोडीतली सिलेंडरं, नळ्या, पट्टे त्यांनी घरी आणून दुरुस्त केले आणि बोरीवलीच्या सोसायटीत, स्वतःकडे गाडी नसताना मिळालेल्या गाडीच्या जागेत, ओळीनं उभे करून ठेवले.

त्यावरून सोसायटीत बरंच महाभारत झालं. म्हातारा गॅसचा काळाबाजार करतो अशी बातमी पसरली आणि चौथ्या मजल्यावरच्या एक बाई रिकामं सिलेंडर घेऊन ‘भाव काय’ विचारायला आल्या. सेक्रेटरी गुजराती, स्वभावानं भला माणूस. त्यांनी सभा बोलावली. सर म्हणाले, यात गॅस नाही, हवा आहे. सेक्रेटरी म्हणाले, हवा भरून ठेवायला पार्किंग कशाला पाहिजे? तेव्हा सरांनी भर सभेत सेक्रेटरींच्या तोंडात नळी दिली आणि म्हणाले, “घ्या श्वास.” त्यांनी घेतला. मग आणखी एक घेतला. सिलेंडरं राहिली. पुढे हिवाळ्यात हवा फार धुरकट झाली की ते सेक्रेटरी संध्याकाळी हळूच खाली येत आणि दोन श्वास घेऊन वर जात.

आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कुठल्याच हिशेबात बसत नाही, पण कुणाला कधी खटकलं नाही. काकू गोऱ्या, बुटक्या आणि सरांपेक्षा दुप्पट हजरजबाबी होत्या. पाण्यात उतरायच्या आधी पोटात काय हवं, तर पेज, असा सरांचा दंडक होता. त्यामुळे दर रविवारी काकूंच्या हातची गरम पेज आणि लिंबाचं लोणचं स्टीलच्या किटलीतून मढला यायचं.

आता मुख्य नियम सांगते. पाण्यात कुणीही एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं, हे तर जगभर आहे. त्या जोडीतल्या दुसऱ्याला इंग्रजीत बडी म्हणतात. सरांना तो शब्द पटत नसे. सुरुवातीला ते ‘जोडीदार’ म्हणत, पण त्यावरून एका बाईंच्या नवऱ्यानं फोन करून खुलासा मागितला, तेव्हा त्यांनी तो सोडला आणि ‘भिडू’ धरला. भिडू वाटायचेही पोरांसारखेच. दोघांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घेऊन यायचं, एकानं बांगडा, एकानं सुरमई, आणि समोरच्याला विचारायचं, “कोण पाहिजे, बांगडा की सुरमई?” जो वाट्याला येईल तो भिडू. मात्र दोघं आधीपासून ओळखीचे निघाले तर ते वाटप रद्द. सरांच्या मते ओळखीच्या माणसाबरोबर पाण्यात जाण्यासारखा धोका नाही.

“ओळखीच्या माणसाला आपण बघत नाही,” ते सांगत. “गृहीत धरतो. मी एकदा मिशी काढली, आमच्या हिला चार दिवसांनी कळलं. अनोळखी माणसावर कशी नजर असते? फलाटावर बॅग ठेवून पाणी प्यायला गेलात तर पाणी पिता-पिता बॅगेकडे बघता ना, तसं भिडूकडे बघायचं.”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” एकदा घरी हे चालू असताना काकू आतून म्हणाल्या. “बरी दिसत होती मिशी नसलेली, म्हणून गप्प बसले.”

म्हणून ती स्टेशनांची नावं. नाव, गाव, नोकरी कळली की माणूस ओळखीचा होतो आणि ओळखीचा झाला की कामातून गेला. आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतलेले त्यांना खपायचे नाहीत. आम्ही अर्थातच घ्यायचो.

अंधारात काम करायची सवय व्हावी म्हणून ते आमची शिकवणी आपल्याच स्वयंपाकघरात घेत. दोघांच्या डोळ्यांवर काकूंच्या जुन्या ओढण्या बांधायच्या, दोघांच्या हातात एक दोरी द्यायची, आणि बोलायचं नाही. दोरीला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे थांब. मग फर्मान सुटायचं, “मिसळणाचा डबा शोधा.” मी आणि विक्रोळी एकदा ओट्यावर चाचपडत असताना खालच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या. डोळे बांधलेली दोन मोठी माणसं दोरी धरून भांड्यांना कुरवाळताहेत आणि सर खुर्चीत बसून गंभीरपणे बघताहेत, हे पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या. काकूंनी शांतपणे त्यांना विरजण दिलं आणि म्हणाल्या, “काही नाही, समुद्रात निघालेत.”

त्या घरात भांडणं तशी फार नव्हती. एकच होतं आणि ते शेवटपर्यंत चाललं. ते एका शब्दावरून होतं.

आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. सगळ्याच घरांत म्हणतात. काकूंच्या घरी तो कायदा होता. नवरा रोज सकाळी उठून जहाजाखाली जाणार, तर त्यानं निदान येतो म्हणून तरी जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तो शब्द कानावर पडेपर्यंत त्या दाराची कडी सोडत नसत. एकदा घाईत सर न बोलताच जिना उतरले, तर काकू गाऊनवरच रिक्षा स्टँडपर्यंत धावल्या आणि चार रिक्षावाल्यांसमोर त्यांनी येतो म्हणवून घेतलं. ज्या दिवशी बोटाचं पेर गेलं त्या दिवशीही ते न बोलता गेले होते, असं काकूंचं म्हणणं. सरांचं म्हणणं असं, की त्या दिवशी जहाजावरचा इंजिनवाला झोपेत होता. तरी ते रोज येतो म्हणायचे. “एक शब्द टाकला की दार उघडतं, मग कशाला वाद,” असं आम्हाला सांगायचे.

मग तो रविवार आला.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळपासून वारा होता आणि मढला पोचलो तेव्हा लाटा खडकांवर चढून फुटत होत्या. जाळी सुकवणाऱ्या एका बाईंनी आमची सिलेंडरं पाहून नुसतीच मान हलवली. सर बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. त्यांना स्वतःला सर्दी झाली होती. सर्दी असताना पाण्यात गेलं तर कान फुटतो, म्हणून ते त्या दिवशी उतरणार नव्हते. शेवटी म्हणाले, “एकदा असल्या पाण्यातही जायला हवं. भिडू म्हणजे काय ते तेव्हाच कळतं. पिंपापर्यंतच जायचं, खाली दगडाला हात लावायचा आणि परत.” हा निर्णय चुकला हे ते पुढे स्वतःच सगळ्यांना सांगत, आम्ही नको म्हटलं तरी.

पिंप म्हणजे निळ्या प्लास्टिकचं पिंप. किनाऱ्यावरच्या खडकाला बांधलेली दोरी पाण्यावरून त्या पिंपापर्यंत जायची आणि पिंपापासून दुसरी दोरी सरळ खाली, तळाशी ठेवलेल्या दगडापर्यंत. दोघांनी पिंपापाशी भेटायचं, एकमेकांना ठीकची खूण करायची आणि दोरी धरून बरोबर खाली जायचं.

माझ्या वाट्याला सुरमई म्हणून घाटकोपर आला. तो नवा होता, माझ्याबरोबर पहिल्यांदाच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, मूळ गाव बुलढाण्याकडे, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यानं माझ्या पट्ट्याचं बक्कल दोनदा तपासलं आणि तपासताना सॉरी म्हणाला. त्याच्याशी माझं लग्न झालं नाही. बक्कल आणि सॉरीचं सांगितलं, की बऱ्याच जणांना गोष्ट तिकडे वळेल असं वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

पिंपापाशी पोचेपर्यंत आमची वाट लागली. लाट आली की पिंप डोक्यावर, गेली की छातीखाली. घाटकोपर माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याच्या मास्कचा पट्टा तुटला होता, पण माझ्या काचेवर इतकं पाणी होतं की मला ते दिसलं नाही. मला दिसलं ते इतकंच, की त्यानं तोंडातली नळी काढली आणि माझ्याकडे बघून ओरडला, “येतो मी.”

मी अंगठा आणि बोट जुळवून ठीकची खूण केली. त्यानंही मान डोलावली. मी तरंगत ठेवणाऱ्या जॅकेटातली हवा सोडली आणि दोरी धरून खाली गेले.

खाली तपकिरी अंधार होता. हाताला दगड लागला, तो धरून मी बसले. आमचा नियम असा होता, की भिडू हरवला तर जरा वेळ आजूबाजूला शोधायचं आणि वर यायचं. पण माझा भिडू हरवला कुठे होता? तो येत होता. तसं सांगितलं होतं त्यानं. आणि मी मराठी घरातली. येतो म्हटलेला माणूस येतो, हे माझ्या हाडात बसलेलं. वर लाटा पिंपाला हिसके देत होत्या, त्या प्रत्येक हिसक्यानं माझ्या हातातली दोरी थरथरायची आणि मला वाटायचं, आला. परत थरथरायची, परत वाटायचं, आला. मी वर गेले आणि तेवढ्यात तो खाली उतरला तर बिचारा एकटा शोधत बसेल, म्हणून मी हललेच नाही.

मग दगड सरकायला लागला. पिंप त्याला ओढत होतं, आणि मला कळेना कुठल्या दिशेनं. वर पिंप खडकांवर आपटल्याचे दणके ऐकू यायला लागले. पाण्यात आवाज कुठून येतो ते समजत नाही, सगळीकडूनच येतो. मी खूप घाबरले. डोळ्यांजवळ आणून पाहिलं तर हवेचा काटा बराच खाली आला होता. तेव्हा कुठे माझ्या मनात आलं, की बहुतेक तो येत नाहीये. आणि त्याला काहीतरी झालंय. मग तर मला दोरी सोडवेना.

त्याच वेळी वरून एक हात आला आणि त्यानं माझं मनगट धरलं. मी तो हात दुसऱ्या हातानं चाचपला. एका बोटाला पेर नव्हतं.

घाटकोपर एकटाच परतलेला पाहून सर सिलेंडरशिवाय आले होते. नुसता श्वास रोखून, साठीच्या पुढचा माणूस, सर्दी झालेली असताना. त्यांनी माझा अंगठा धरून वरच्या दिशेला केला. पाण्यात अंगठा वर म्हणजे झकास नव्हे, वर चल. आम्ही वर आलो. किनाऱ्याकडून दोरी ओढली जात होती. घाटकोपर छातीभर पाण्यात, मास्कशिवाय, डोळे मिटून दोरी ओढत उभा होता आणि त्याच्या मागे बाकीचे. खडकानं माझा गुडघा सोलवटला. सरांच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

आम्ही वाळूवर बसलो. सर ओरडतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी किटली उघडून मला आणि घाटकोपरला पेज दिली. मग त्याला म्हणाले, “तू नक्की काय म्हणालास? तोच शब्द सांग.”

“येतो म्हणालो, सर. पट्टा तुटला होता. म्हणजे निघतो. किनाऱ्यावर परत जातो.”

“मग जातो का नाही म्हणालास?”

घाटकोपर त्यांच्याकडे बघतच राहिला. “असं कसं म्हणू सर? पाण्यात उभं राहून जातो म्हणतं का कुणी? आई मारेल मला.”

“आणि तू काय ऐकलंस?” त्यांनी मला विचारलं.

“येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्यामागून खाली येतो.”

सर आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिले. कानावर धरलेला रुमाल लाल झाला होता. “दोघांचाय बरोबर,” ते हळू म्हणाले. “शब्दच फुटको.” मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आजपासून या किनाऱ्यावर येतो म्हणजे एकच. मी तुझ्याबरोबर आहे, तुझा हात सोडत नाही. आणि हे फक्त भिडूला म्हणायचं. परत फिरायचं असेल तर स्वच्छ जातो म्हणा. कुणाची आई काय म्हणते ते घरी.”

डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, हा कान गेला, आणि आता पाण्याखाली जायचं नाही. कधीच नाही. पुढच्या रविवारी सरांनी आम्हाला हे असं सांगितलं, जसं काही घरातला पंखा बिघडलाय. मला रडू आवरेना. ते म्हणाले, “अगो, एक कान पुरे. दोन्ही बाजू ऐकायला मी काय न्यायाधीश आहे?” त्यांचं पाणी माझ्यापायी सुटलं, आणि त्यांनी ते मला एकदाही जाणवू दिलं नाही. इतकं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्यानंतर ते किनाऱ्यावरच उभे राहायचे, कानात कापसाचा बोळा घालून. भिडू वाटून द्यायचे, पेज वाटायचे आणि आम्ही पाण्यात असेपर्यंत खाली बसायचे नाहीत. पाणी जरासं खवळलेलं दिसलं की सगळ्यांना परत बोरीवलीला नेऊन डोळ्यांवर ओढण्या बांधायचे.

पण माणूस एककल्ली. किनाऱ्यावरचा नियम किनाऱ्यावर ठेवणं त्यांना जमेना. “घरी एक अर्थ आणि पाण्यात एक अर्थ असं ठेवलं की नेमका पाण्यात गोंधळ होतो,” म्हणून त्यांनी येतो म्हणणंच सोडून दिलं. सगळीकडे. शेजारचे आजोबा आजारी होते, त्यांच्या उशाशी बसून उठताना सर म्हणाले, “बरं, जातो.” आजोबांच्या सुनेचा चेहरा उतरला. लग्नात जेवून निघाले की वधूपित्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, “जातो.” जिन्यात सेक्रेटरी भेटले की प्रेमानं “आवजो” म्हणायचे, त्यांनाही उत्तर, “जातो.” एकदा मला म्हणाले, “बघ, गुजरात्यांचंही तेच. जाणाऱ्याला सांगतात, या.”

काकूंशी जुंपली ती या सगळ्यापेक्षा वेगळी. त्या दिवशी कानाला पट्टी बांधून ते घरी आले तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला होता, “सकाळी काय म्हणून गेला होतात?”

“येतो म्हणून.”

“म्हणून आलात,” काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन रडल्या.

म्हणजे एकाच दिवसाचा दोघांनी पुरावा केला. काकूंचं म्हणणं, त्या शब्दानं नवरा परत आणला. सरांचं म्हणणं, त्या शब्दानं मुलुंड पश्चिमला बुडवलंच होतं. आणि बुडता-बुडता राहिलेली मी, समोर सोफ्यावर बसून कांदेपोहे खात दोघांना मान डोलवायची.

काकूंनी सगळे उपाय केले. कडी धरून उभ्या राहिल्या, तर सर दारात पेपर वाचत बसले. पिशवी लपवली, तर पिशवीशिवाय बाजारात गेले. शेवटी एकदा माझ्या देखत काकू म्हणाल्या, “त्या पोरांना त्यांच्या भिडूला म्हणायला सांगता ना येतो? मग मला म्हणायला काय होतं? मी कोण?”

“तू कसली भिडू?” सर चप्पल शोधत म्हणाले. “तुला मी ओळखतो.”

काकूंनी कडी सोडली. त्या हसल्या, पण मला ते हसणं बरं वाटलं नाही. “जातो,” सर म्हणाले आणि दूध आणायला गेले. काकू दारात उभ्या राहून जिन्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, “थट्टा वाटते तुम्हाला सगळ्यांना. मी लग्न झाल्यापासून रोज दार लावते आणि दिवसभर त्या एका शब्दावर बसते गं. आता बसायला तेवढंही नाही.” दूध घेऊन ते परत येईपर्यंत त्या दारातच होत्या.

वर्षं गेली. आमच्यातले बरेच जण पांगले. गोवंडी दुबईला गेली, आणि तिथून फोन केला की ‘देवनार बोलतेय’ म्हणते. घाटकोपर आता बदलापूरला राहतो, वर्षभर पाण्याकडे फिरकला नव्हता, पण मग परत आला आणि आमच्यातला सगळ्यात चांगला पाणबुड्या झाला. आजही फोन ठेवताना तो जातो म्हणतो, आणि त्याची आई मागून ओरडलेली ऐकू येते. सर ऐंशीच्या घरात आले. उरलेल्या उजव्या कानाला यंत्र लागलं. सिलेंडरं पार्किंगमध्येच होती, सर ती दर महिन्याला पुसायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. मी आदल्या दिवशी भेटून आले होते. निघताना त्यांच्या शिस्तीप्रमाणे म्हटलं, “जाते, सर.” त्यांनी समाधानानं मान हलवली.

ते परत आले नाहीत.

दिवस-कार्य सगळं उरकल्यावर, घर मोकळं झाल्यावर, मी एका दुपारी काकूंकडे गेले. खाली सिलेंडरं तशीच ओळीनं उभी होती. काकूंनी चहा केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाल्या, “तुला एक विचारायचंय. बाकी कुणाला विचारलं तर वेड्यात काढतील.”

“विचारा ना, काकू.”

“त्यांना आत नेत होते ना, त्या दारापर्यंत मी स्ट्रेचरला धरून गेले. सवयीनं म्हटलं, येतो म्हणा. मग लक्षात आलं, मी डाव्या बाजूला उभी आहे. तो कान तर केव्हाच गेलेला. आणि उजव्या कानाचं यंत्र नर्सनं आधीच काढून माझ्या हातात दिलं होतं. म्हणजे त्यांना काहीच ऐकू आलं नसणार. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, कुणी नवं माणूस असल्यासारखं. आणि म्हणाले, येतो.”

मी हातातला कप खाली ठेवला.

“इतक्या वर्षांत कधी म्हणाले नाहीत. त्या दिवशी म्हणाले, आणि आले नाहीत. मला रोज तेच डोक्यात येतं. माझा शब्द खोटाच होता की काय?” काकूंनी पदरानं डोळे पुसले. “तू सांग. तुमच्या त्या समुद्रावर त्याचा अर्थ काय होता?”

“काकू, तिथे त्याचा एकच अर्थ,” मी म्हटलं. “मी तुझ्याबरोबर आहे, तुझा हात सोडत नाही. आणि तो फक्त भिडूलाच म्हणायचा, दुसऱ्या कुणाला नाही.”

“भिडूला,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“पण गेले ना गं.”

“जायचं असतं तर जातो म्हणाले असते,” मी म्हटलं. “त्या बाबतीत सर किती कडक होते, तुम्हाला माहीत आहे.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग रडता-रडता हसायला लागल्या, आणि मग मलाही ते थांबवता येईना. निवलेला चहा त्यांनी परत गरम केला आणि आम्ही तो प्यायलो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि सवयीनं कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी चप्पल घातली.

“येते, काकू.”

“कुठल्या अर्थानं?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही,” मी म्हटलं, आणि त्यांनी कडी काढली.